तालमीत एफ/6.3 पुरत नाही, मग कुठली प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेऊ?

प्रश्न : दादा नमस्कार, माझ्याकडं निकॉन झेड 5 आहे आणि त्याच्यासोबत आलेली 24-50 ची किट लेन्स, तिचा एफ/चा आकडा 6.3 पर्यंत चढतो (आकडा मोठा तितका उजेड कमी). पहाटे तालमीत पोरांचा सराव चालतो त्याचे फोटो काढतो, सीझनला गुऱ्हाळावर पण जातो. तालमीत उजेड कमी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 12800 पर्यंत जातो आणि फोटो सगळा दाणेदार येतो. जो तो म्हणतोय 50 एमएम 1.8 घे. बजेट 25-30 हजार. मोठी लेन्स नको वाटते, समोर धरली की पोरं बिचकतात. काकांची जुनी 50 एमएम 1.8 डी घरात पडून आहे, ती चालंल का? - एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : भावा, आधी काकांच्या लेन्सचं सांगतो कारण तिथं पैसे वाया जायची शक्यता जास्त आहे. 1.8 डी मध्ये स्वतःची फोकस मोटर नाही, जुन्या डीएसएलआरच्या बॉडीतली मोटर ती फिरवायची. झेड 5 ला एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर बसवायचा जोड) लावून ती बसंल, फोटो पण येईल, पण फोकस हातानं करावा लागंल, आणि डाव टाकताना पोरगं क्षणात इकडचं तिकडं होतं तिथं हातानं फोकस म्हणजे निम्मे फोटो गेले. 1.8 जी असती तर ऑटोफोकस चालला असता. त्यामुळं नुसत्या या लेन्ससाठी अडॅप्टर घेऊ नको.

आता 50 एमएमची लेन्स घ्यायची का. लोक सांगतात ते चुकीचं नाही पण ते तुझ्या तालमीत उभे राहून सांगत नाहीत. हौदाच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेला तू पैलवानांपासून अडीच मीटरवर असशील असं धर. 50 नं तिथून साधारण 1.8 मीटर रुंदीचं दिसतं, 40 नं सव्वादोन मीटर, 28 नं तीन मीटरच्या वर. दोघं एकमेकांत अडकलेत, एकाचा पाय मागं ताणलाय आणि पंजा मातीत रुतलाय, हे सगळं एका फ्रेममध्ये पाहिजे तर 50 मध्ये तो पाय कापला जातो आणि मागं सरकायला भिंत सोडत नाही. 28 मध्ये सगळं मावतं पण मागची ट्यूबलाइट, खुंटीवरचे कपडे, बादली हे पण सगळं मावतं.

माझं ऐकशील तर किट लेन्स 40 वर ठेव, रिंगला चिकटपट्टी लाव म्हणजे फिरणार नाही, आणि आठवडाभर तसंच शूट कर. मग 28 वर तसंच. ज्या आकड्यावर पट्टी काढायची इच्छा होत नाही ती तुझी लेन्स, आणि हे कळायला एक रुपया लागत नाही म्हणून मी सगळ्यांना आधी हेच सांगतो.

माझा अंदाज 40 चाच आहे. निकॉनची झेड 40 एमएम एफ/2 फक्त 170 ग्रॅमची आहे, फिल्टर 52 एमएमचा. झेडची 50 एमएम 1.8 एस तिच्यापेक्षा शार्प आहे यात वाद नाही पण ती 415 ग्रॅम आणि तुझ्या बजेटच्या वर, शिवाय तू स्वतःच म्हणतोयस की पोरं बिचकतात. किट लेन्स 50 ला एफ/6.3 वर येते, तिथून एफ/2 म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. त्याच शटरला 12800 च्या जागी 1250 च्या आसपास आयएसओ पुरंल, किंवा निम्मा फायदा शटरला दे आणि 1/500 सेकंदावर जा. ते जास्त महत्त्वाचं आहे, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुझा हात सांभाळतं, पैलवान हलतो ते नाही. आणि ट्यूबखाली सायलेंट शटर नको, फोटोत पट्टे येतात. मेनूतलं फ्लिकर रिडक्शन (ट्यूबच्या लुकलुकीचा परिणाम कमी करणारं) ऑन ठेव.

40 च्या उणिवा पण सांगतो. माउंट (लेन्स बॉडीला बसते ती कडी) प्लास्टिकचा आहे. एफ/2 वर अगदी जवळून काढलंस तर थोडं धुरकट मऊ येतं, एफ/2.8 ला ते साफ होतं. हूड (आडवा उजेड अडवायला पुढं लावतात ती कड) बॉक्समध्ये येत नाही. गुऱ्हाळात काहिलीची वाफ लेन्सवर बसते आणि ती चिकट असते, म्हणून साधा 52 चा प्रोटेक्टर फिल्टर लावून गुळव्याच्या जवळ जा, पुसायचा तो फिल्टर. खासबागच्या मैदानात गॅलरीतून मात्र 40 चा काही उपयोग नाही, तिथं लांबची लेन्सच लागते.

प्रश्न : आमचा कोल्हापुरी चपलांचा छोटा व्यवसाय आहे, ऑनलाइन विकतो. कॅमेरा कॅनन आर 8. 50 एमएम 1.8 घेऊ की 28 एमएम 2.8, दोन्ही लहान आहेत. - एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, 28 या कामाला नको. जवळ जाऊन काढलं की अंगठ्याकडची बाजू फुगलेली आणि टाच बारकी दिसते, गिऱ्हाईक म्हणणार मापात गडबड आहे. 50 एमएम 1.8 फक्त 160 ग्रॅमची, स्वस्त आणि पूर्ण जोड्याच्या फोटोला एकदम बरोबर. पण ती 30 सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, आणि तुमच्या मालात लोक बघतात ते वेणीचं काम, कानाची शिवण. ते भरून दाखवायचं असंल तर 35 एमएम 1.8 मॅक्रो बघा, ती 17 सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. 305 ग्रॅम आहे, महाग पण आहे, मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि आर 8 च्या बॉडीत ते नाही. क्लोजअप 35 नं, पूर्ण जोड्यासाठी थोडं मागं जाऊन मग क्रॉप करा, रिझोल्युशन पुरून उरतं.

दुकानात उजेड खिडकीचा घ्या, चपलेच्या एका बाजूनं येऊ दे म्हणजे वेणीचा प्रत्येक पेड वेगळा दिसतो. आणि एफ/1.8 वर काढू नका, पुढचा कान शार्प आणि मागचा गायब होईल, एफ/8 ठेवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर.

वापरलेली लेन्स घेणार असाल तर मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती फंगस, आपल्याकडच्या पावसाळ्यात वाढतच जाते, कितीही स्वस्त दिली तरी सोडून द्या. स्वतःची लेन्स जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, चामड्याच्या पाऊचमध्ये नको, ते ओल धरतं.