आधी वाटा मोज, मग चित्रं काढ

बाबू, पहिल्याच असाइनमेंटला थ्रीडी गेम करतो म्हणतोस, तेही लाइट गेली की वीस मिनिटांत मान टाकणाऱ्या लॅपटॉपवर? थांब जरा. आधी ट्वाइन घे, खेळणाऱ्यानं पर्याय निवडत पुढं जायच्या गोष्टी बनवायला. ख्रिस क्लिमस यांनी 2009 मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं आणि गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये निघते. गावातल्या रेंजवरही ती पाठवता येते.

पहिल्या वर्षी मी कापूस विकायला निघालेल्या शेतकऱ्याची गोष्ट केली होती. दारात आलेल्या व्यापाऱ्याला द्यायचा, की जिनिंगवर न्यायचा? प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय ठेवत गेलो. पाच निवडींत 32 शेवट! लिहून झाले सात. सबमिशनच्या आदल्या रात्री रडकुंडीला आलो होतो लेका.

मग उमगलं, फुटलेल्या वाटा पुढच्या प्रसंगात परत एकत्र आणायच्या असतात. निवड तेवढी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेम लक्षात ठेवतो त्या नोंदीत, ठेवायची. दारातच विकला असेल तर खिशातले पैसे वेगळे, बायकोचं बोलणं वेगळं, प्रसंग तोच. खेळणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्यामुळे सगळं बदललं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' (2020) हा गेम मिळाला तर त्यातले छायाबाहुल्यांच्या शैलीतले प्रसंग बघ. कमी हालचालीत केवढं सांगितलंय! तुमच्याकडं दंडार, ते सोंगांचं लोकनाट्य, होते ना? तिथं सोंग आल्या आल्या लोक कसे हसतात, तेही टिपून ठेव. ग्राफिक्सचं नंतर पाहू.

आणि फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर. रोज.