चालता-फिरता रुग्ण आणि रात्रीचे पाणी

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये माझी आई नागपुरातील एका रुग्णालयाच्या कोविड वॉर्डात दाखल होती. औषधे वेळेवर मिळत. परंतु रात्री पाणी मागितले तर अर्धा-अर्धा तास कोणी फिरकत नसे, असे ती आजही सांगते. निम्मे रुग्ण तर चालते-फिरते होते. मग हा हलगर्जीपणाच समजावा काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : त्या रात्री जो वॉर्डात नव्हता, त्याने निवाडा करू नये. मात्र चालत्या-फिरत्या रुग्णाला सेवा कमी लागते, हे आपले गृहीत एरवी खरे असले तरी कोविडमध्ये ते फसले. नीट बोलणाऱ्या रुग्णाचाही ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली असू शकत होता आणि मास्क काढून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येण्यात तो आणखी घसरे. म्हणून स्वतःच्या पायांनी दाखल झालेल्यांनाही बेडपॅन द्यावे लागले, वारंवार नोंदी घ्याव्या लागल्या, ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथे झोपण्यासाठी पुनःपुन्हा समजवावे लागले. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला पालथे करायचे तर नळ्या सांभाळत चार-पाच जण लागतात. तेवढा वेळ बाकीच्या खाटांकडे कोण पाहणार?

दुसरे कारण आपण सारे विसरतो. नागपूरची सरकारी रुग्णालये, मेडिकल असो वा मेयो, आपल्याकडे रुग्णाला भरवणे, पाणी देणे, अंग पुसणे ही कामे बहुधा खाटेजवळ बसलेले नातेवाईकच करतात. परिचारिकेच्या कामाच्या हिशेबात ती कधी धरलीच गेली नव्हती. कोविडने नातेवाइकांना दाराबाहेर ठेवले आणि ही सगळी कामे, शिवाय घरच्यांशी फोनवर बोलणे करून देणेही, सिस्टर आणि मावशींवर येऊन पडले. त्यातच पीपीई किट चढवल्याशिवाय आत जाता येत नसल्याने बाहेरची परिचारिका हाकेसरशी धावूही शकत नव्हती. पारा 40 अंशांच्या वर असताना ते किट अंगावर असेपर्यंत तिलाही पाण्याचा घोट घेता येत नसे, हे आपल्या आईंना जरूर सांगावे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे, तर अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. हे माप खाटा मोजते. खाटेवरच्या माणसाला काय-काय लागते, ते मोजत नाही. अतिदक्षता विभागासाठी 2003 मध्ये मांडलेली ‘नर्सिंग अ‍ॅक्टिव्हिटीज स्कोअर’ ही पद्धत प्रत्येक रुग्णासाठी करावी लागणारी कामे मोजते आणि 100 गुण म्हणजे एका परिचारिकेचा पूर्ण वेळ असे धरते. असा हिशेब साध्या वॉर्डातही व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा कधी रुग्णाला एकटे ठेवण्याची वेळ आली, तर एका कागदावर ठळक अक्षरांत ऐकू कमी येते का, कवळी आहे का, कोणत्या नावाने हाक मारली की प्रतिसाद मिळतो आणि रात्री किती वेळा पाणी लागते, एवढे लिहून तो दाखल करतानाच सिस्टरच्या हाती द्यावा.