डोक्यावर केसांत कडक गाठ आली आहे, दुखत नाही. काय असेल?

टाळूवर बोराएवढी गाठ, वर्षभरात हळूहळू वाढलेली, दुखत नाही, आणि ‘कॅन्सर तर नसेल?’ या विचाराने झोप उडालेली, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण अशीच गाठ सहा वर्षं डोक्यावर बाळगली आहे.

माझी सापडली इथल्या, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या न्हाव्याला. कंगवा अडकला तसा तो म्हणाला, “काका, आ शुं छे?” घरी आईने बोट फिरवलं आणि निकाल देऊन टाकला, “आवाळू आहे. तुझ्या आजोबांना होतं, आत्याला तर दोन आहेत.” पुढे डॉक्टरांनी त्यालाच पिलर सिस्ट म्हटलं आणि ती घराण्यात चालते हेही सांगितलं. तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणापासून ही पिशवी तयार होते. शंभरातल्या नव्वद डोक्यावरच येतात. गुळगुळीत, कडक, बोटाखाली किंचित सरकणारी. लोक सरसकट ‘चरबीची गाठ’ म्हणतात, पण आत चरबी नसते, केराटिन असतं. नखं-केस ज्याचे होतात तेच.

माझा मूर्खपणाही सांगतो. ओळखीतल्या एका ‘जाणकाराने’ सुई टोचून ती पिळून काढली. आठ दिवसांत लाल झाली, ठणका, पू, उशीला डोकं टेकवेना. औषधांनी बसली आणि तीन-चार महिन्यांत त्याच जागी परत हजर! पिशवी आतच राहिली होती ना. शेवटी सर्जनने जागेवरच भूल देऊन काढली. त्या उद्योगामुळे एका बाजूला चिकटली होती, नाहीतर अख्खी सुटून येते म्हणे. गॉजवर ठेवून दाखवली: भिजवलेल्या काबुली चण्यासारखी, पांढरट, चकचकीत. चिरल्यावर पनीरसारखा थर आणि वास असा की नर्सनेही तोंड फिरवलं. तीन टाके पडले. तुकडा तपासणीला गेला. तो पाठवायला तुम्हीही सांगा.

अर्थात प्रत्येक गाठ आवाळूच असते असं नाही. मऊ, दबणारी असेल तर लायपोमा, ती मात्र खरी चरबीची. दगडासारखी, जराही न हलणारी असेल तर कवटीच्या हाडाचीच वाढ असू शकते. मानेच्या वर, मागच्या बाजूला असेल तर उवांच्या किंवा कोंड्याच्या खाजवण्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने सुजलेली लसिकाग्रंथी. खरखरीत असेल तर चामखीळ. मेण चिकटवल्यासारखा तपकिरी डाग उतारवयात येतो, तोही निरुपद्रवी. लहान मुलाच्या डोक्यावर पिलपिलीत, केस गळालेली सूज बहुधा गजकर्णाच्या बुरशीची असते. आणि बाळाच्या डोक्यावर मधोमध जन्मापासून गाठ असेल तर स्कॅन केल्याशिवाय कोणालाही चिरू देऊ नका, तिचं मूळ कधीकधी कवटीच्या आत जातं.

घाई केव्हा करायची? काही आठवड्यांत भराभर वाढली, आपोआप रक्त येतंय, खपली धरते-निघते पण जखम भरत नाही, काळा डाग रंग बदलतोय, किंवा आधी कुठला कॅन्सर होऊन गेलाय. टक्कल पडून वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या डोक्यावर न भरणारी जखम असेल तर त्याच आठवड्यात जा.

तुमचं वर्णन वाचून मला आवाळूच वाटतं, पण बोट लावल्याशिवाय कोणीच नक्की सांगू शकत नाही. बडोद्यातच असाल तर सयाजी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना डोक्याला तेल चोपडून जाऊ नका, मी गेलो होतो, आणि डॉक्टरांनी आधी कापूस मागवला.