हिमनद्या वितळल्या तर समुद्राला खत मिळेल का?

प्रश्न असा आहे: हिमनद्या खडक दळून लोह आणि सिलिका समुद्रात नेतात, त्यावर वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसदृश जीव, पोसतात, कार्बन शोषतात. मग बर्फ वितळणं एका अर्थी बरंच नाही का?

माझ्या मते आधी विचारायचं ते हे, की हिमनदी संपते कुठे? ग्रीनलंडच घ्या. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी उतरतं. हिमनदीचं तोंड समुद्रात असेल तर ते कधीकधी शेकडो मीटर खोलीवर बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते उसळून वर येतं आणि येताना भोवतालचं खोल, खारं पाणी ओढून आणतं. खत असतं ते या खोल पाण्यातलं नायट्रेट. वितळलेल्या पाण्यात ते फारच कमी. राजधानी नूकजवळच्या गोथोब फ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) भर उन्हाळ्यात प्लवक फुलतात ते यामुळेच. ईशान्येकडच्या यंग साउंडमध्ये मात्र हिमनद्या जमिनीवरच संपतात. नद्यांचं गढूळ पाणी वर पसरतं, उजेड अडतो, खालचं नायट्रेट खालीच राहतं. बर्फ मागे हटून किनाऱ्यावर चढला की पहिल्या फ्योर्डचीही गत दुसऱ्यासारखीच व्हायची.

लोहाचं म्हणाल तर बरंचसं खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच गुठळ्या होऊन फ्योर्डच्याच तळाशी बसतं. अंटार्क्टिकाभोवती गोष्ट वेगळी. तिथे नायट्रेट मुबलक आणि लोहाचीच टंचाई, म्हणून हिमनगांतून सुटणाऱ्या गाळाला मोल आहे. पण नुसतं लोह पुरत नाही. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोगात दक्षिण महासागरात चक्क हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, ओतला. प्लवक वाढलेही, पण त्या पाण्यात सिलिका कमी. सिलिकाचं कवच लागणारे डायाटम नावाचे प्लवक वाढलेच नाहीत, जे वाढले ते कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्राण्यांनी फस्त केले आणि खोल समुद्रात कार्बन जेमतेमच गेला.

शिवाय उलटा हिशेबही आहेच, जो बहुतेक लेखांत गाळला जातो. दळलेल्या खडकातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला ऑक्सिजन लागला की गंधकाम्ल होतं, ते चुनखडी विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ग्रीनलंडच्या लेव्हरेट हिमनदीखालून येणाऱ्या पाण्यात तर मिथेनही मोजला गेलाय. बर्फाखालच्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या गाळात सूक्ष्मजीव तो बनवतात.