रिजेक्ट लावला तरी समोरचा का ताटकळतो?

प्रश्न: सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, तिथल्या ऑफिसात जुन्या पीसीवर लिनक्स टाकून आयपीटेबल्सचा (लिनक्समधली पॅकेट गाळायची सोय) फायरवॉल मीच बसवलाय. तिन्ही चेनची, म्हणजे नियमांच्या याद्यांची (इनपुट: मशीनकडे येणारं, आउटपुट: मशीनने स्वतः पाठवलेलं, फॉरवर्ड: मशीनमधून पलीकडे जाणारं), पॉलिसी ड्रॉप, म्हणजे नियमात न बसलेलं पॅकेट गुपचूप टाकून द्यायचं. फॉरवर्डच्या शेवटी टीसीपी-रीसेटवाला रिजेक्ट टाकलाय (पॅकेट अडवून उलट कनेक्शन तोडायचं पॅकेट, म्हणजे रीसेट, पाठवणारा), म्हणजे नको त्या पोर्टवर कुणी गेलं की लगेच "रिफ्यूज्ड" यावं, पण ऑफिसातलं उबंटू दोन-दोन मिनिटं लटकतंय. रूलचा काउंटर मात्र वाढतोय, म्हणजे रूल लागतोय! आउटपुटमधे फायरवॉलच्या स्वतःच्या आयपीवरून जाणारं एस्टॅब्लिश्ड (आधीच जुळलेल्या कनेक्शनचं) तेवढं जाऊ दिलंय. मग ते रिजेक्टचं पॅकेट जातं कुठं?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमच्याच आउटपुट चेनमधे मरतंय ते. रिजेक्ट जे पॅकेट तयार करतो ते त्या मशीननेच बनवलेलं असतं ना, मग फॉरवर्डमधे रिजेक्ट झालं असलं तरी उत्तर आउटपुटमधूनच बाहेर पडतं, आणि तिथं तुमचा रूल दोनदा आडवा येतोय. एक म्हणजे कनेक्शन ट्रॅकिंग (लिनक्सची कनेक्शनांची नोंद) या पॅकेटला मूळ कनेक्शनशी जोडून रिलेटेड धरतं, एस्टॅब्लिश्ड नाही, आयसीएमपी (नेटवर्कची अडचण कळवणारा निरोप) असो नाहीतर रीसेट. दुसरं जास्त फसवं आहे, माझ्या मते बहुतेक जण इथंच अडकतात: रीसेटवर सोर्स पत्ता फायरवॉलचा नसतोच, ज्या बाहेरच्या सर्व्हरकडे पीसी निघाला होता त्याचा असतो, कारण दुसऱ्याच कुणाकडून आलेला रीसेट पीसी मानणार नाही. आयसीएमपीचा नकार मात्र फायरवॉल स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतो.

म्हणून आउटपुटमधे सोर्सची अट न घालता एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड दोन्ही जाऊ द्या. त्याआधी खात्री करायची असेल तर आउटपुटच्या अगदी शेवटी लॉगचा रूल टाका, बाहेरचा पत्ता सोर्स म्हणून आणि पुढं एसीके आरएसटी (आरएसटी म्हणजे रीसेट) अशी ओळ दिसेल, तेच तुमचं हरवलेलं पॅकेट. आणि ती दोन मिनिटं म्हणजे लिनक्स (त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, 6.5 च्या आधीचा असेल तर) पहिल्या सिननंतर, म्हणजे कनेक्शन मागणाऱ्या पॅकेटनंतर, आणखी 6 वेळा दार वाजवतं, मधली थांबायची वेळ दरवेळी दुप्पट, सगळं मिळून 127 सेकंद.

यूडीपीला (टीसीपीसारखं कनेक्शन न जुळवता पॅकेट पाठवायची पद्धत) रीसेट नसतो, तिथं आयसीएमपी पोर्ट-अनरीचेबल (त्या पोर्टपर्यंत पोचता येत नाही) हाच निरोप जातो, आणि कर्नल ते एका पत्त्याला साधारण सेकंदाला एकच पाठवतो (सुरुवातीची थोडी सूट सोडून), तेव्हा टेस्ट करताना मधली उत्तरं गळाली तर रूल चुकला असं समजून परत खोडाखोड करू नका. आतल्या माणसांना रिजेक्टच ठेवा हो, हिशोब करत बसलेल्याला ताटकळवण्यापेक्षा तोंडावर नाही म्हटलेलं बरं. इंटरनेटच्या बाजूला ड्रॉप राहू द्या.