आधी पणजीचं माहेर विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पणजोबा प्रतिसरकारात, म्हणजे बेचाळीसनंतर साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध चाललेल्या भूमिगत सरकारात होते, शेणोलीच्या रेल्वे लुटीत होते, त्यांच्यावर एक पुस्तिका काढायची आहे, तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. माझं ऐकशील तर पणजोबांपासून करू नकोस.

7 जून 1943 रोजी तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या लोकांनी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी गाडी अडवली, एवढं पक्कं. पण आमच्या भागात घरटी एक माणूस त्या दिवशी तिथे होता. सगळ्यांना मोजायला बसलास तर दुसरी गाडी जोडावी लागेल. यात कुणी खोटं बोललं असंही नाही. माणूस भूमिगतांना निरोप पोचवत असतो, स्वतः कधी फारसं बोलतही नाही, आणि मग नातवंडं त्याला सगळ्यांत गाजलेल्या प्रसंगात नेऊन उभं करतात. म्हणून घरात सांगतात ते एका शाईने लिही आणि कागदावर सापडलं ते दुसऱ्या. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी ते स्वतः पाहिलं की ऐकलं, हेही शेजारी टाक.

कागद म्हणशील तर आधी घरातली ट्रंक. स्वातंत्र्यसैनिकांचं केंद्र सरकारचं पेन्शन 1972 मध्ये सुरू झालं. त्यासाठी सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला किंवा तितके दिवस फरारी असल्याचा पुरावा जोडावा लागे. त्या अर्जाची नक्कल सापडली तर सोनं समज, कारण आपण काय केलं ते तिथे माणसाने स्वतः लिहून दिलेलं असतं. भिंतीवरचा सरकारी सन्मानाचा ताम्रपट दिसायला छान, पण तो काही बोलत नाही.

आता पणजी. तुझ्या चार पानांच्या पत्रात तिचं नावही नाही. फरारी माणूस रानात जगतो तो कुणीतरी भाकरी बांधून देतं म्हणून, आणि पोलीस घरात शिरून भांडी फेकतात तेव्हा समोर बाईच उभी असते. तिला ताम्रपट नाही, दाखला नाही. तिचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, धरपकडीच्या दिवसांत पोरांना घेऊन ती कुणाकडे राहिली, हे विचार. एकदा माहेरचं गाव कळलं की पणजोबा लपले कुठे याचाही बऱ्याचदा उलगडा होतो.

हे सांगायला आता तुझ्या आजोबांची थोरली बहीणच उरली. तेव्हा ती आठेक वर्षांची असेल. तिला सन विचारू नकोस. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होतं, असं विचार. भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा. त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं हे म्हातारी माणसं अजून सांगतात. मोबाइलवर आवाज घे आणि मध्ये दुरुस्ती करू नकोस. मी ती चूक केली. माझी आत्या रंगात येऊन सांगत होती आणि मी म्हणालो, "अगं, ते बेचाळीस नव्हे, त्रेचाळीस." ती म्हणाली, "मग तूच सांग की." पुढे कधीही विचारलं की तिचं एकच उत्तर: "तुला ठाऊक आहेच."

कचेरीत जाण्याआधी गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं ते बघ. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत साताऱ्यात होता, बाकीचा संस्थानांत; मग दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये सांगली जिल्हा हे नाव आलं. कुंडल गाव तर औंध संस्थानात होतं. चुकीच्या दप्तरात महिनाभर धूळ खाशील. तलाठी म्हणून मी असे हेलपाटे घालणारे पुष्कळ पाहिले. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 माग, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं रजिस्टर, कोतवाल बुक म्हणतात ते. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच. नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळेल, मात्र तिथल्या जन्मतारखेवर जाऊ नकोस. गुरुजींच्या कृपेने निम्मं गाव 1 जूनला जन्मलंय. वारसाचा फेरफार काढ, त्यात माणूस गेला त्याची तारीख आणि मागे राहिलेल्यांची नावं सापडतात. जुनी पानं मोडी लिपीत असली तर वाचणाऱ्याला फोटो दे, मूळ कागद देऊ नकोस. तुमच्याकडे हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ सांगणारा, येत असेल तर त्याच्याकडून पिढ्या ऐकून घे; पण त्याच्या वहीतही लेकी शोधाव्या लागतील.

कागदांना सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेव. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिही, डावीकडून उजवीकडे.

पुस्तिकेचं नंतर बघू. या रविवारी आत्याआजीकडे जा. शेणोलीचा विषय काढूच नकोस. आई रात्री भाकरी किती बांधायची आणि त्या कुणाच्या हाती द्यायची, तेवढं विचार. काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत कळव.

तुझा,
काका