गोव्यात आल्यावर दीड दिवसाचं अंतर ‘भरून काढू’ नका

तुमचं थोडक्यात असं आहे: मुंबईहून सायकलने किनाऱ्याकिनाऱ्याने गोकर्णला निघालात, आज रात्री म्हापशात आहात, ठरल्यापेक्षा दीड दिवस मागे. परवा संध्याकाळी गोकर्ण रोड स्टेशनहून परतीची गाडी. गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय, आणि सोबतचे म्हणताहेत की उद्या 110 किलोमीटर मारून भरून काढू. बेत बदलायचा की नाही?

बदला, आणि आजच रात्री बदला. म्हापसा ते गोकर्ण साधारण 165 किलोमीटर आहे. दोन दिवसांत ते अशक्य नाही, पण सायकल गाडीत चढवायची तर स्टेशनवर दोन-तीन तास आधी पोहोचावं लागतं. म्हणजे तुमच्या हातात दोन दिवस नाहीत, जेमतेम दीड आहे. वाटेत करमळ घाट आहे: अरुंद, वळणांचा आणि ट्रकांचा. ‘भरून काढणं’ हा शब्दच मला खटकतो. सायकलवर मागचं अंतर भरून निघत नाही, पुढचा दिवस तेवढा खराब होतो. थकलेला माणूस जड गिअरवर हळू पायडल मारतो, आणि गुडघ्याला सगळ्यात वाईट तेच.

लोक इथे दुसरी एक चूक करतात. किनाऱ्याचा कंटाळा आला म्हणून साखळी गावाहून चोर्ला घाट चढून बेळगावला उतरायचं ठरवतात, म्हणे ‘तिथून बस मिळेल’. घाटमाथा साधारण 800 मीटरवर आहे आणि तुम्ही समुद्राच्या पातळीवर आहात. पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) लावलेली सायकल आणि दुखरा गुडघा घेऊन हा विचारही नको.

मी असा बेत करेन. तिकीट रद्द करायचं नाही, चढायचं स्टेशन बदलायचं. गोकर्ण रोडहून मुंबईकडे येणारी गाडी मडगावला थांबत असेल तर आयआरसीटीसीवर बोर्डिंग स्टेशन मडगाव करा. गाडी सुटायच्या किमान 24 तास आधी करून टाका. एकदा बदललं की गोकर्ण रोडला चढण्याचा हक्क संपतो, हे लक्षात ठेवा. उद्या पणजी, परवा सकाळी मडगाव. दोन्ही मिळून 50 किलोमीटरच्या आसपास. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, म्हणून पर्वरीहून खाली बेतीला उतरा आणि फेरीबोटीने पणजीत या. कुठ्ठाळीनंतर वेर्ण्याच्या पठारावर चढणारा रस्ता हाच काय तो जड. तो सकाळी सातच्या आत उरकेल अशा बेताने निघा, आणि दुखलंच तर सरळ उतरून चाला.

आता सायकल गाडीत घालण्याबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो. तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, तुमच्या तिकिटावर गेली तर ते लगेज. तुमच्याशिवाय गेली तर पार्सल, आणि मग ती कधी पोहोचेल याचा भरवसा नाही. लगेजच मागा. आधी पार्सल ऑफिसमध्ये विचारा की त्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये जागा आहे का, कारण पुष्कळ गाड्यांची ही जागा खासगी ठेकेदारांना दिलेली असते. पेडण्याला किंवा काणकोणला दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीत सायकल चढवण्याच्या भानगडीत पडू नका, मडगावच बरं. वंदे भारतला ब्रेकव्हॅन नाही, त्यामुळे ऐन वेळी तिच्यात बदल करून सायकल नेता येणार नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून घ्या.

पॅकिंगला तासभर धरा. दोन्ही पायडल काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. न सुटल्यास बळजबरी करून क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे खाऊ नका, तसंच राहू द्या. स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल करून हँडल आडवं फिरवा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) 5 मिलिमीटरच्या अॅलन कीने सोडवून चेनस्टेच्या (चेनलगतच्या फ्रेमच्या नळीच्या) आत कापडात बांधा, नाही तर तो ज्यावर बसतो तो हँगर वाकतो आणि घरी गेल्यावर गिअर लागत नाहीत. डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला आणि लिव्हर दाबू नका. फ्रेमला पुठ्ठा, त्यावर गोणपाट, त्यावर दोरी. नाव, फोन, कुठून कुठे, गाडी क्रमांक आणि तारीख दोन बाजूंना लिहा.

‘ट्रेन घेतली की राईड बाद’ म्हणणारे तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. आमच्याकडे तर भरपूर आहेत, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, तिथे नियम आहे आणि तो मान्य करूनच माणूस उतरतो. सुट्टीच्या सफरीला कट-ऑफ नसतो. ब्रेवेचा मान मलाही आहे, पण तिचं घड्याळ दुसऱ्याच्या गुडघ्याला बांधणं मला चूक वाटतं. मुंबई ते मडगाव किनाऱ्याने, वाटेतल्या जेट्ट्यांसकट, ही पूर्ण सफर आहे.

गुडघ्याचं राहिलंच. पुढून दुखतंय म्हणजे बहुधा सीट खाली आहे. सामान लादलेल्या सायकलचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) खराब रस्त्यांवर रोज थोडा थोडा सरकतो आणि कळतही नाही. आज रात्री 3-4 मिलिमीटर वर घ्या, क्लॅम्पवर लिहिलेल्या टॉर्कइतकंच (आवळायच्या जोराइतकंच) आवळा, आणि पोस्टवर टेपची खूण करा म्हणजे उद्या सरकला तर दिसेल. तीन-चार किलोचं नको असलेलं सामान पणजीच्या पोस्टातून घरी पाठवून द्या.

सूज असेल किंवा जिना उतरताना गुडघा लचकत असेल तर मात्र हे सगळं सोडा, म्हापशातच डॉक्टरला दाखवा आणि मडगावपर्यंत पिकअप गाडी करा.